खोली नंबर दोनमधल्या नाहीबाई

बाईंना खरं नाव होतं आणि ते खोली नंबर दोनच्या दारावर लावलेलंही होतं, पण दुखणं घेऊन आलेला माणूस पाट्या वाचत बसत नाही. सगळा परिसर त्यांना नाहीबाई म्हणायचा. याला कारण त्यांचं एक वाक्य. पेशंट आत शिरला, खुर्चीवर टेकला, की त्याने तोंड उघडायच्या आत बाई सांगून टाकत, "मी डॉक्टर नाही."

आता मला सांगा, दवाखान्यात, गळ्यात नळी अडकवून बसलेल्या बाईने असं सांगितल्यावर समोरच्याने करायचं काय? कुणी चपापून उठून उभं राही. कुणी म्हणे, "थट्टा करू नका हो डॉक्टर, रात्रभर खोकतोय मी." कुणी सरळ आपली जीभ बाहेर काढून दाखवी. एका आजींनी तर त्यांच्या हातावर थोपटून समजूत घातली होती, "असू दे गं, होशील."

दवाखाना दोन खोल्यांचा. खोली नंबर एकमध्ये डॉक्टर, गेली पस्तीस वर्षं त्याच खुर्चीत. कुणाच्या घरी कुणाला दमा आहे, कुणाची सून कुणाशी बोलत नाही, हे त्यांना कागद न बघता ठाऊक. गर्दी वाढत गेली, बाकांवर माणसं मावेनात, तेव्हा त्यांनी खोली नंबर दोनमधलं सामान हलवलं आणि बाईंना घेतलं. बाईंनी त्याआधी अकरा वर्षं प्रयोगशाळेत लोकांच्या हातातलं रक्त काढण्यात घालवली होती. न दिसणारी शीर बोटाने शोधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मग छत्तिसाव्या वर्षी, घरचं सगळं सांभाळून, अडीच वर्षांचा अभ्यासक्रम केला आणि पहिल्या झटक्यात पास झाल्या. आलेल्या माणसाला नीट विचारायचं, तपासायचं, लिहून काढायचं, आणि औषध ठरवायला कागद मधल्या दाराने डॉक्टरांकडे न्यायचा, हे त्यांचं काम. शंका आली तर डॉक्टरांनाच मधल्या दाराने इकडे आणायचं. त्या दाराला कडी नव्हती.

या कामाचं सरकारी नाव 'वैद्यकीय सहयोगी'. ज्याने हे नाव काढलं तो कधी दवाखान्यात बसलेला नसावा. पहिल्याच आठवड्यात एक काकू गुडघे चोळत आल्या आणि पाटी कशीबशी वाचून म्हणाल्या, "योगासनं इथेच शिकवतात ना?"

नाव नोंदवायच्या खिडकीत एक ताई बसायच्या. त्यांना हे सगळं नीट समजावून सांगता आलं असतं, नाही असं नाही. पण खिडकीच्या काचेला बोलण्यासाठी ठेवलेलं भोक माणसाच्या छातीपाशी होतं, त्यामुळे ताईंनी बोलणंच आटोपशीर केलं होतं. "दोन नंबर," एवढंच त्या म्हणत आणि बोट दाखवत. पुढचं ज्याचं त्याने बघून घ्यावं.

आता तुम्ही म्हणाल, बाईंना एवढा हट्ट कशाला? तर त्याचीही गोष्ट आहे. सुरुवातीच्या महिन्यात मोटार चालवायला शिकवणारे एक गृहस्थ खोकल्यासाठी तीनदा येऊन गेले. तिन्ही वेळा त्यांनी बाईंना "डॉक्टर" म्हटलं आणि तिन्ही वेळा बाईंनी ते चालवून घेतलं. पहिल्यांदा घाई होती. दुसऱ्यांदा लक्षात राहिलं नाही. तिसऱ्यांदा, खरं सांगायचं तर, ऐकायला गोड वाटलं म्हणून. खोकला बरा झाला, पण गृहस्थांना कुठूनसं कळलं आणि ते भर दुपारी तणतणत आले. "मी शिकाऊ माणसाच्या हातात गाडी देतो ना, तेव्हा पुढे-मागे हातभर पाटी लावतो," ते सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तुमच्यावर कुठली पाटी होती?"

बाई शिकाऊ नव्हत्या, चांगल्या परीक्षा देऊन आल्या होत्या. पण तीनदा ऐकून घेतलं होतं, हेही खरं. घरी येऊन त्या रडल्या आणि त्यांनी कानाला खडा लावला. दुसऱ्या दिवसापासून ते वाक्य सुरू झालं.

घरी मात्र या वाक्याची डाळ शिजत नव्हती. सासूबाई जिन्यात, दुकानात, जिथे दोन कान सापडतील तिथे सांगत, "आमची सून डॉक्टर आहे."

"आई, मी डॉक्टर नाही."

"ठाऊक आहे गं मला. पण चारचौघांत कशाला बोलायचं? आपण होऊन कशाला कमी करून घ्यायचं?" आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंना त्या हळूच सांगत, "स्वभावाने फार नम्र आहे."

हे असं तीन वर्षं चाललं होतं. मग घड्याळवाले काका आले.

काकांचं दुकान दवाखान्यापासून चार मिनिटांवर, एका जिन्याखाली. दुकान म्हणजे काचेचं एक कपाट, एक दिवा, एक स्टूल आणि काका. वय सत्तरच्या पुढे. मिशा कातरलेल्या, भांग असा पाडलेला की पट्टी लावून मापावा. स्वभाव भिडस्त. गिऱ्हाइकाचं घड्याळ बिघडलं तरी आपलंच काही चुकलं असावं अशा आवाजात बोलणारे. डावा कान जवळजवळ गेलेला, पण तेही कुणाला सांगायचे नाहीत, उगीच समोरच्याला ओरडायला लागेल म्हणून.

मंगळवारी सकाळी ते खिडकीशी आले. ताईंनी बोट दाखवलं. ते खोली नंबर दोनमध्ये आले, खुर्चीच्या टोकावर बसले.

"मी डॉक्टर नाही," बाई कागद पुढे ओढत म्हणाल्या.

"नाही?"

"नाही."

"बरं, बरं. मग येतो परत." आणि काका नमस्कार करून निघून गेले.

बाईंना याची सवय होती. दहातला एक तरी असा उठून जायचाच, आणि दर वेळी मनाला थोडं लागायचंच. त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

गुरुवारी काका पुन्हा आले. पुन्हा बोट, पुन्हा तीच खुर्ची.

"मी डॉक्टर नाही," बाई म्हणाल्या.

काकांचा चेहरा पडला. "आजही नाही?"

बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. दोन दिवसांत माणूस डॉक्टर होतो की काय? "आजही नाही आणि उद्याही नाही," त्या म्हणाल्या.

"अरेरे," काका काळजीने म्हणाले. "तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम आहे," बाई दातओठ खात म्हणाल्या.

काका नमस्कार करून गेले. बाईंनी ते मधल्या दाराने डॉक्टरांच्या कानावर घातलं. "मला टोमणे मारून गेले. माझी तब्येत विचारतात!"

डॉक्टर कुणाच्या तरी घशात बघत होते. "ज्याला मीच हवाय त्याला पाठवा की इकडे," ते म्हणाले.

"थांबायला तर हवेत ते!"

काकांना होतंय काय, हे दोघांनीही विचारलं नव्हतं. डॉक्टरांना विचारायला काका समोरच नव्हते. बाईंपासून मात्र ते हातभर अंतरावर बसले होते, दोनदा.

शनिवारी दवाखाना दुपारी एकला बंद होई. त्या दिवशी साडेबारालाच पेशंट संपले, डॉक्टर कागदपत्रं आवरत बसले, आणि बाईंच्या लक्षात आलं की आपलं घड्याळ सव्वाबारावर उभं राहिलंय. चावीचं मनगटी घड्याळ ते, प्रयोगशाळा सोडताना सगळ्यांनी मिळून दिलेलं. त्यातल्या सेकंदकाट्यावर त्या नाडी मोजत. त्याच्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. आणि चावीचं घड्याळ उघडणारा माणूस आसपास एकच.

जावं की न जावं यात पाच मिनिटं गेली. शेवटी कामापुरतं बोलायचं असं ठरवून त्या जिन्याखाली जाऊन उभ्या राहिल्या.

काकांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "या, या बाई! आले का डॉक्टर?"

"कुठून?" बाईंनी मनगटावरचं बंद घड्याळ काढून काकांपुढे ठेवलं.

"बाहेरगावी गेले होते ना?"

"कुणी सांगितलं तुम्हाला? डॉक्टर रोज दवाखान्यात आहेत. आत्ताही आहेत."

काका गोंधळले. आपलंच काही चुकलं असावं अशा आवाजात म्हणाले, "नाही, म्हणजे तुम्हीच म्हणालात. मंगळवारी म्हणालात, डॉक्टर नाही. गुरुवारी म्हणालात, आजही नाही, उद्याही नाही. मी म्हटलं, आजारीबिजारी पडले की काय. तब्येत विचारली, तर उत्तम म्हणालात. मग म्हटलं, गावाला गेले असतील."

बाई जिन्याच्या पायरीवर बसल्याच. काका ऐकताना सारखा उजवा कान पुढे करतात, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. तीन वर्षं त्या ज्या वाक्याला इतक्या जपत आल्या होत्या, त्यातला 'मी' काकांच्या डाव्या कानाच्या दारातच अडखळला होता. उरलं होतं ते "डॉक्टर नाही". आणि डॉक्टर नाही म्हटल्यावर सभ्य माणूस दुसरं काय करणार? परत जाणार.

आधी त्यांना हसू फुटलं. त्यांनी काकांच्या उजव्या बाजूला तोंड नेऊन सगळं समजावून सांगितलं, आणि काकाही हसायला लागले. "म्हणजे तुम्ही डॉक्टर नाही म्हणून डॉक्टर नाहीत असं मी..." हसता हसता त्यांनी गालावर हात दाबून धरला.

"दात दुखतोय का?"

"दात नाही. जबडा. चालायचंच."

बाईंचं हसू ओसरलं. आता त्यांनी काकांकडे बघितलं, म्हणजे मंगळवारी बघायला हवं होतं तसं बघितलं. पट्टी लावल्यासारखा भांग विस्कटलेला होता. डोळ्याला लावायचं भिंग, जे रबराच्या पट्ट्याने कायम काकांच्या डोक्याला बांधलेलं असे, ते खिळ्याला टांगलं होतं.

"पट्टा का काढलाय?"

"उजवं कानशील ठणकतं हो. रबर तर सोडाच, कंगवा लावला तरी जीव जातो. पंधरा दिवस झाले."

"आणि जबडा कधी दुखतो?"

"जेवताना. चार घास चावले की दमतो. थांबलं की बरा. सफरचंद खायचं तर अर्धा तास लागतो. म्हटलं, जबड्याचंही वय झालं असेल."

बाईंचा आवाज खाली आला. "काका, डोळ्याला काही होतंय?"

काकांनी हातातला चिमटा कापडावर ठेवला, मग सरळ केला. "काल सकाळी उजव्या डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं झालं. दोनेक मिनिटं. मग गेला. घरी सांगितलं नाही." मग डोळ्याकडे बोट करून म्हणाले, "हा कामाचा डोळा आहे, बाई. हा गेला तर दुकानात बघण्यासारखं फक्त स्टूल राहील."

बाईंनी त्यांच्या कानशिलावर दोन बोटं ठेवली. डावीकडे शीर नीट उडत होती. उजवीकडे ती बोटाखाली सुतळीसारखी कडक लागली, आणि उडत नव्हती. त्यांनी बोटं थोडी वर नेली, थोडी खाली नेली. अकरा वर्षांत त्या बोटांना शीर सापडली नाही असं क्वचितच झालं होतं. शीर सापडली होती, ठोका नव्हता.

"दुकान बंद करा."

"तुमचं घड्याळ तर बघू द्या."

"घड्याळ मरू दे हो! उठा!" सत्तरीच्या भिडस्त माणसावर त्या भर रस्त्यात ओरडल्या, आणि दुसऱ्या हाताने डॉक्टरांना फोन लावला. "डॉक्टर, निघू नका. मी आलेच."

चार मिनिटांची वाट दोघांनी तीन मिनिटांत कापली. खिडकीतल्या ताई पडदा ओढत होत्या. "वेळ संपली," त्या सवयीने म्हणाल्या. खोली नंबर दोनमधून, मधल्या दाराने, त्यांनी काकांना हाताला धरून सरळ डॉक्टरांसमोर उभं केलं.

डॉक्टरांनीही बोटं ठेवली. डोळ्यात प्रकाश टाकून बघितला. दोन-चार प्रश्न विचारले. मग बाईंकडे वळून म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

"कानशिलाच्या शिरेला सूज आहे. तीच डोळ्याकडे जाणाऱ्या शिरेला असावी. आजच औषध सुरू व्हायला हवं असं वाटतं. पण ते ठरवायचं तुम्ही."

"ठरवलं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कपाट उघडलं. गोळ्यांचा पहिला डोस काकांनी तिथेच, डॉक्टरांच्या तांब्यातल्या पाण्याबरोबर घेतला. डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात फोन केला, चिठ्ठी लिहिली, ताईंनी पडदा पुन्हा वर करून गाडी बोलावली, आणि तासाभरात काका डोळ्यांच्या तज्ज्ञासमोर होते.

दोघेच उरल्यावर डॉक्टर म्हणाले, "उद्यावर गेलं असतं तर काही सांगता येत नव्हतं, बाई."

"दोनदा गेलंय, डॉक्टर. मीच घालवलंय." आणि त्यांनी सगळं सांगितलं, रागासकट. "ते मला नाकारतायत असं वाटलं. माझा अपमान झाला म्हणून मी त्यांना विचारलंसुद्धा नाही की तुम्हाला होतंय काय."

डॉक्टरांनी त्यांना बोल लावला नाही आणि समजूतही घातली नाही. "तुमचं वाक्य खरं आहे, ते सोडू नका," ते म्हणाले. "पण ते बोलून तुम्ही थांबता. माणूस तिथून पुढे सांगायला आलेला असतो."

सोमवारी खोली नंबर दोनमध्ये नव्या वाक्याची जुळणी झाली. डॉक्टर, बाई आणि ताई, तिघं बसली. डॉक्टरांचं वाक्य इतकं लांब झालं की त्यांनाच ते शेवटपर्यंत आठवेना. ताईंचं म्हणणं, "दोन नंबर" यातच सगळं येतं. शेवटी ठरलं ते असं: "डॉक्टर शेजारच्या खोलीत आहेत. मी त्यांची सहयोगी, डॉक्टर नाही. आधी मी तपासते, मग त्यांना दाखवते. थेट त्यांनाच भेटायचं असेल तरी चालेल. सांगा, काय होतंय?" ताईंनीही खिडकीतून एवढं तरी सांगायचं कबूल केलं, आणि सुताराला बोलावून काचेचं भोक तोंडाच्या उंचीवर आणलं गेलं.

घरी सासूबाईंनी नवं वाक्य लक्ष देऊन ऐकलं. "चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण एवढं ऐकेपर्यंत माणसाचा ताप उतरेल."

हे सगळं विनोदाचं झालं. पण मधले काही दिवस बाईंना जेवण गेलं नाही. मोठ्या दवाखान्यातून तपासण्यांचे कागद येत होते. निदान तेच निघालं. डोळ्याचं काय, ते लगेच कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. बाईंचं मनगट रिकामं होतं आणि सवयीने दिवसातून पन्नास वेळा त्या तिथे बघत होत्या.

तीन आठवड्यांनी, सकाळी, ताईंचा आवाज नव्या भोकातून खणखणीत आला. "डॉक्टर एक नंबरमध्ये आहेत, बाई दोन नंबरमध्ये आहेत, कुणाकडे जायचं?"

"दोन नंबर," काकांचा आवाज आला.

ते आत आले. गोळ्यांनी चेहरा फुगून गोल झाला होता, भांग पुन्हा पट्टी लावल्यासारखा. बाई उठल्या आणि त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. "काका, डॉक्टर शेजारच्या..."

"पाठ आहे मला," काका हसत म्हणाले. "दोन्ही डोळे शाबूत आहेत. अजून वर्षभर गोळ्या घ्यायच्या, पण पडदा परत आला नाही." मग त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं घड्याळ काढलं. ते चालू होतं. दुसऱ्या खिशातून पट्ट्याचं भिंग काढून त्यांनी बाईंना दिलं. "आम्ही घड्याळ दुरुस्त केलं की मागच्या झाकणाच्या आत खूण करतो. तारीख घालतो. गिऱ्हाइकाला कधी दाखवत नाही. तुम्ही बघा."

त्यांनी झाकण उघडून धरलं. बाईंनी भिंग डोळ्याला लावलं. आत तारीख होती, त्या शनिवारची नव्हे, कालची. तिच्याखाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, एकही रेघ न थरथरता कोरलं होतं: 'डॉक्टर नाहीत, पण आहेत.'

बाईंचे डोळे भरून आले. भिंगातली अक्षरं पुसट झाली, तरी त्यांनी ते बराच वेळ काढलं नाही. मग नाक पुसून त्या म्हणाल्या, "बसा आता. तपासल्याशिवाय सोडत नाही मी कुणाला."

घड्याळ त्यांनी मनगटावर बांधलं. दोन बोटं काकांच्या उजव्या कानशिलावर ठेवली, थोडी वर नेली, थोडी खाली नेली, आणि सेकंदकाट्याकडे बघत उभ्या राहिल्या. काकांनी श्वाससुद्धा रोखून धरला होता.

"काय हो," त्यांनी न राहवून विचारलं, "नाही?"

बोटाखाली बारीकसा, पण अगदी नेमाने, ठोका येत होता.

"आहे," नाहीबाई म्हणाल्या.